शाळेच्या कारभारावर कोणी बसावे? : जोतीराव फुले यांची १८८२ ची साक्ष

(महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर संयुक्त जयंतीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला विषय दिला आहे ‘महात्मा फुले यांचे शैक्षणिक विचार’. विषय मोठा आहे आणि दरवर्षी एप्रिल महिन्यात त्यावर बोलले जातेच. भिडे वाड्यातली मुलींची शाळा, सावित्रीमाईंच्या अंगावर पडलेले शेण आणि दगड, हे आपल्या पाचवीतल्या मुलांनाही पाठ आहे. म्हणून मी आज या विषयाचा एकच कोपरा धरणार आहे. तो मला कसा सुचला, ते आधी सांगतो.

२०१५ च्या महापालिका निवडणुकीच्या वेळी काही उमेदवार आपल्या वस्तीत येऊन गेले, ते पुष्कळांना आठवत असेल. प्रत्येकाच्या पत्रकावर ‘शिक्षणप्रेमी’ असे छापलेले होते. एकाने वह्या वाटल्या होत्या, दुसऱ्याने दप्तरे वाटली होती, तिसऱ्याच्या नावावर तर शाळाच होती. आपल्या एका वडीलधाऱ्या काकांनी त्यातल्या एकाला विचारले, “साहेब, आपल्या पालिकेच्या शाळेत पहिलीला जेवढी पोरं बसतात, त्यातली किती आठवीपर्यंत टिकतात?” साहेबांनी बरोबरच्या कार्यकर्त्याकडे पाहिले, कार्यकर्त्याने मोबाईलकडे पाहिले, आणि मग हार-तुरे सुरू झाले. आम्ही हसलो. पण घरी जाताना माझ्या मनात आले की, काकांचा प्रश्न आपल्यापैकी कोणाला विचारला असता तर आपल्याला तरी उत्तर देता आले असते का? मला नक्कीच आले नसते. आणि मग वाटले की, शाळेच्या कारभारावर बसायला लायक माणूस कोण, याचा विचार आपल्या महापुरुषांनी काही केला आहे की नाही, ते एकदा पाहावे. मी बँकेत कारकून आहे, बी. ए. ला इतिहास घेतला होता, एवढीच माझी शिदोरी. त्यावर जे सापडले, ते आपल्यापुढे ठेवतो.

१८८२ सालच्या फेब्रुवारीत सरकारने विल्यम विल्सन हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. १८५४ च्या वुडच्या खलित्यात प्राथमिक शिक्षणाची जी आश्वासने दिली होती, त्यांचे काय झाले ते या आयोगाने तपासायचे होते. ठिकठिकाणच्या विद्वानांनी, अधिकाऱ्यांनी, मिशनऱ्यांनी आयोगापुढे निवेदने मांडली. त्यात पुण्याहून एक निवेदन गेले, तारीख १९ ऑक्टोबर १८८२. खाली सही होती जोतीराव गोविंदराव फुले. सहीखाली पदवी नव्हती, कारण पदवी नव्हतीच. तिथे एवढेच लिहिले होते की, हा गृहस्थ व्यापारी आहे, शेतकरी आहे, पुणे नगरपालिकेचा सभासद आहे आणि जुन्या गंज पेठेत राहतो. आजच्या भाषेत बोलायचे तर हा त्यांचा बायोडाटा. मित्रहो, मला हा बायोडाटा फार आवडतो. त्यात ‘शिक्षणमहर्षी’ हा शब्द कुठेही नाही.

निवेदनाच्या सुरुवातीलाच जोतीराव आपला अनुभव किती, ते मोजून सांगतात. आपल्याला ठाऊक आहे ते पुणे आणि भोवतालची खेडी एवढेच, असे ते कबूल करतात. मुलींची शाळा काढली, ती ज्यांना कोणी शाळेत घेत नव्हते त्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्या कामात आपण नऊ-दहा वर्षे घालवली आणि मिशनच्या मुलींच्या शाळेत काही वर्षे शिकवलेही, असे ते लिहितात. म्हणजे आधी काम, मग मत.

पण एक गोष्ट त्या निवेदनात नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. जोतीराव स्वतः शाळेतून गळालेले मूल होते. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीचा धंदा करीत. मुलगा शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे दुकानातल्या कारकुनाने त्यांच्या मनात भरवले आणि त्यांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले. (कारकून मंडळींनी हे ऐकून माझ्याकडे पाहू नये.) शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी या पोराची हुशारी पाहून गोविंदरावांची समजूत काढली. तेव्हा कुठे १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत बसले. विचार करा, शेजारी दोन माणसे तशी नसती तर? शाळेची वाट नेमकी कोणत्या वळणावर सुटते, घरात त्या वेळी काय बोलणे होते, बापाच्या मनात कसली भीती असते, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

आता निवेदनात काय मागितले ते पाहू. सरकारी तिजोरीतला बहुतेक पैसा कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा पहिला आक्षेप. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपत जाईल, असे त्या काळी साहेबलोक म्हणत. जोतीरावांनी विचारले, कुठे झिरपली ती दाखवा. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची ठळक मागणी होती. ही मागणी १८८२ सालची आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्ती सुरू केली ती १८९३ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी हुकूम काढला १९१७ साली, नामदार गोखल्यांचे विधेयक आले १९११ साली आणि ते नामंजूर झाले. सबंध देशाला सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तसा कायदा मिळाला २००९ साली, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. म्हणजे गंज पेठेतल्या भाजीवाल्याच्या मुलाच्या मागणीला आपण १२८ वर्षे लावली.

पुढे ते बारीक तपशिलात शिरतात आणि तिथेच खरा शाळा चालवलेला माणूस दिसतो. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, प्रशिक्षित असावा आणि गावकऱ्यांत मिसळणारा असावा. त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये असावा. शाळेची तपासणी वर्षातून एकदा होते ती निरुपयोगी, दर तीन महिन्यांनी व्हावी आणि आगाऊ कळवल्याशिवायही व्हावी. बँकेत काम करणाऱ्यांना हे लगेच पटेल. तपासणीची तारीख आधी कळली की टेबलांवरची धूळसुद्धा कळवल्यासारखी नाहीशी होते.

एका मुद्द्यावर मात्र माझे त्यांच्याशी जमत नाही. शिक्षकाचा गावात मान वाढावा म्हणून त्याला गावचे हिशेब, टपाल, स्टॅम्पविक्री अशी जोडकामे द्यावीत, असे त्यांनी सुचवले आहे. त्या काळी हेतू चांगलाच होता. पण आज शिक्षकाच्या मागे जनगणना, मतदारयाद्या आणि ऑनलाईन माहिती भरण्याचे शुक्लकाष्ठ लागले आहे, ते पाहून जोतीरावांनी ही सूचना स्वतःच मागे घेतली असती, अशी माझी समजूत आहे.

निवेदनातला एक आकडा मी आपल्याला मुद्दाम सांगतो. अस्पृश्य मुलांना इतरांच्या शेजारी बसू देत नाहीत म्हणून सरकारने वेगळ्या शाळा काढल्या होत्या, पण त्या फक्त मोठ्या शहरांत होत्या. पुण्यात या समाजाची वस्ती पाच हजारांहून अधिक, शाळा एक, आणि त्या शाळेत हजर मुले तीसच्या आत. ही स्थिती शिक्षणखात्याला शोभणारी नाही, असे त्यांनी आयोगाला सुनावले. काकांनी उमेदवाराला विचारला होता तो प्रश्न हाच. फरक एवढाच की पुण्याच्या सभासदाला त्याचे उत्तर माहीत होते.

जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हे, सरकारने नेमलेले. नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून हात वर करतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चाचा विषय आला. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला आणि ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. पुढे लाखो रुपये खर्चून नवी मंडई बांधायचे ठरले तेव्हाही त्यांचे म्हणणे तेच होते, आधी शिक्षण. मंडई झाली, तिला गव्हर्नर रे साहेबांचे नाव मिळाले आणि कित्येक वर्षांनी तिचे नामकरण झाले ‘महात्मा फुले मंडई’! ज्या खर्चाला माणसाने विरोध केला, त्याच इमारतीवर त्याचे नाव. आपला समाज आदर दाखवतो तो कधी कधी असा.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. शाळांचा कारभार कोणाच्या हाती असावा? स्वतः नगरपालिकेचे सभासद असून जोतीरावांनी आयोगाला सांगितले की, मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च सोसावा, पण या शाळांचे व्यवस्थापन मात्र पूर्णपणे नगरपालिकांच्या ताब्यात देऊ नये, त्यावर शिक्षणखात्याची देखरेख असावी. मला प्रथम हे वाचून आश्चर्य वाटले. आपल्याच सभागृहावर अविश्वास? पण ते सभागृह त्यांनी आतून पाहिले होते. तिथे कोण बसतो आणि कोणाची मुले त्याच्या डोळ्यांपुढे असतात, हे त्यांना ठाऊक होते.

बाबासाहेबांच्या बाबतीत पुन्हा हेच घडते, आणि ही जोडी लक्षात आली तेव्हाच मी आजचा विषय पक्का केला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडे मांडले. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूच्या करातून, माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, असे त्यांचे मागणे होते. पुढारलेल्या हिंदूंत हजारी ११९ मुले प्राथमिक शाळेत होती तेव्हा मागासवर्गात हजारी १८ होती, आणि माध्यमिक शाळेत लाखात १४. मी रोज आकड्यांतच असतो, पण हा चौदाचा आकडा वाचून हातातले पान खाली ठेवले होते.

पुढच्याच वर्षी, २९ मे १९२८ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की, हा कायदा रद्द होऊन प्राथमिक शाळा स्कूल बोर्डांच्या स्वाधीन करणे थांबले नाही, तर आमच्या समाजाचे शिक्षण फार मागे जाईल. त्याच निवेदनात हंटर आयोगालाही त्यांनी सोडलेले नाही. अस्पृश्यांच्या शिक्षणाकडे त्या आयोगाने हवे तेवढे लक्ष दिले नाही, ही त्यांची तक्रार आहे. म्हणजे जोतीरावांनी आयोगापुढे तीस मुलांचा आकडा ठेवला तो ऐकला गेला नाही, याची नोंद सेहेचाळीस वर्षांनी बाबासाहेबांनी घेतली. त्याच १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते.

दोघांनीही स्थानिक मंडळांवर अविश्वास दाखवला. याचा अर्थ त्यांचा सामान्य माणसावर विश्वास नव्हता असा कोणी काढेल तर तो चूक आहे. ज्यांची मुले शाळेबाहेर होती, त्यांच्यापैकी कोणी त्या मंडळात नव्हते, किंवा असले तर नावापुरते होते, ही त्यांची तक्रार होती.

आणि आता नवी मुंबईत या. आपली महापालिका १९९२ च्या जानेवारीपासून कारभार पाहू लागली. तिच्याकडेही शिक्षण मंडळ होते, सभासद होते, सभापती होते. २००९ च्या कायद्यानंतर राज्यातली ही मंडळे काही वर्षांत मोडीत निघाली आणि काम पालिकेच्या शिक्षण विभागाकडे आले. २०२० साली पालिकेची मुदत संपली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे इथे निवडून आलेले सभागृहच नव्हते, सारा कारभार प्रशासकाकडे. त्या काळात आपण म्हणत होतो की, आता विचारायचे कोणाला?

पण त्याच २००९ च्या कायद्याने एक जागा उघडली आहे, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असलेच पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे, आलेले अनुदान कुठे गेले ते पाहणे, ही तिची कामे. १८८२ आणि १९२८ ची तक्रार मिटवण्यासाठी असा कायदा झाला असता तर तो याहून वेगळा लिहिता आला असता असे मला वाटत नाही.

आणि निवड कशी होते? पालकसभा बोलावतात, दहा-बारा पालक येतात, मुख्याध्यापक मागच्याच वर्षीची नावे वाचतात, टाळ्या वाजतात. आपल्यापैकी ज्यांना वाचता-लिहिता येते, अर्ज करता येतो, त्यांची मुले तिथे नसतातच. माझीही नाहीत. मी पालिकेच्या शाळेत शिकलो आणि माझ्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घातले. विनाअनुदानित शाळेला हे कलम लागू नाही. तिथे फीच्या कायद्याखाली पालकांची समिती असते, तिच्यात चिठ्ठी टाकून नावे निघतात, पण ते प्रकरण वेगळे. मी मुलांना तिथे घातले याबद्दल मला अपराधी वाटत नाही. बापाला जे परवडते आणि जे बरे दिसते ते तो करतो. पण त्याबरोबर मी माझ्या जुन्या शाळेकडे पाहणेही सोडले, हे मात्र खरे.

ते ध्यानात कसे आले ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या खिडकीवर आपल्याच वस्तीतल्या एक ताई आल्या. घरकाम करतात. मुलगा सातवीत, त्याची शिष्यवृत्ती खात्यात जमा होत नव्हती. मी पाहिले, आधार कार्डावरचे नाव वेगळे, खात्यावरचे वेगळे. म्हटले, शाळेतून दाखला आणा. त्या अर्धा दिवस बुडवून दाखला घेऊन आल्या. दाखल्यावर तिसरेच नाव. मी म्हटले, आधी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती करून घ्या. रांग मोठी होती, मी मान वर करूनही पाहिले नाही. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा मुलगा बरोबर होता, शाळेच्या वेळात. ताई म्हणाल्या, “दादा, पैसे राहू द्या. तो म्हणतोय, माझं नावच बरोबर नाही तर मी कशाला जाऊ?” त्या दिवशी दुपारी मला डबा गेला नाही. दुकानातल्या कारकुनाच्या एका शब्दाने जोतीराव शाळेतून निघाले होते, हे मी कितीदा वाचले होते.

दुरुस्ती झाली, तो मुलगा आज नववीत आहे. आणि पुढच्या पालकसभेत या ताई उभ्या राहिल्या. त्यांना लिहिताना त्रास होतो, सही मात्र छान करतात. समितीत निवडून आल्यावर त्यांनी पहिल्याच बैठकीत एकच गोष्ट मागितली: प्रत्येक मुलाचे रजिस्टरवरचे नाव आणि आधारवरचे नाव शेजारी-शेजारी वाचून दाखवा. दोन शनिवार लागले. सव्वीस मुलांची नावे जुळत नव्हती. मुख्याध्यापकांनाही ते माहीत नव्हते, आणि त्यांनी नंतर मनापासून मदत केली, हेही सांगितले पाहिजे. दहावीचा दाखला हातात पडल्यावर हीच दुरुस्ती किती जड जाते, ते आपल्यातल्या पुष्कळांनी भोगले आहे. ताईंना त्यांची लायकी कोणी विचारली असती तर त्यांनी काय सांगितले असते? घरकाम करते, अमुक चाळीत राहते. जोतीरावांनीही एवढेच लिहिले होते.

आता ज्या कामासाठी मी हे सारे बोललो ते सांगतो. जून महिन्यात शाळा उघडल्या की पालकसभांच्या नोटिसा शाळेच्या फलकावर लागतात. आपल्या सभासदांपैकी ज्यांची मुले किंवा नातवंडे पालिकेच्या शाळेत आहेत अशा सर्वांची यादी संस्थेचे सचिव करीत आहेत, आज जाताना आपली नावे द्यावीत. समितीवर जाण्यास जे तयार असतील, विशेषतः भगिनी, त्यांच्याबरोबर पहिल्या तीन बैठकांना जाण्यास महाविद्यालयातली आपली पाच मुले-मुली तयार झाली आहेत, लिहिण्याचे काम ते करतील. आणि दर रविवारी सायंकाळी पाच ते सात मी विहाराच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसणार आहे. येताना मुलाचे आधार कार्ड, पासबुक आणि असेल तर शाळेचा दाखला घेऊन या. तीनही कागदांवरची नावे आपण तिथेच शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

जयभीम.